नाइटिंगेलबाईंचा आलेख

संगणकात आकडे भरावेत, एक कळ दाबावी आणि पडद्यावर रंगीत आलेख उमटावा, ही सोय आता शाळकरी मुलांनाही उपलब्ध आहे. एक्सेल किंवा टॅब्लोसारखे सॉफ्टवेअर प्रथमच हाताळणारा नवशिका बहुधा रंग आणि आकार निवडण्यापासून आरंभ करतो. कोणता आकडा चित्राच्या कोणत्या अंगाने बोलावा, हा प्रश्न मागे राहतो. संगणकाचा मागमूसही नसताना या प्रश्नाशी झुंजलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंचे चरित्र त्यासाठी पुन्हा उघडावे.

हाती दिवा घेऊन रुग्णांमध्ये फिरणारी देवी, एवढीच त्यांची मूर्ती आपण जतन केली. वास्तविक १२ मे १८२० रोजी सधन इंग्रज कुटुंबात जन्मलेल्या या मुलीला गणिताचे वेड होते. घरच्यांचा विरोध पत्करून त्यांनी शुश्रूषेचे शिक्षण घेतले आणि क्रिमियन युद्धातील जखमींसाठी नोव्हेंबर १८५४ मध्ये ३८ परिचारिकांसह तुर्कस्तानातील स्कुटारीचे लष्करी रुग्णालय गाठले. सेवेत कसूर नव्हती. तरीही माणसे मरत राहिली. फेब्रुवारी १८५५ मध्ये मृत्यूचे प्रमाण शेकडा ४२ वर गेले. मार्चमध्ये आलेल्या स्वच्छता आयोगाने तुंबलेली गटारे साफ करविली, हवा खेळती केली. जूनमध्ये तेच प्रमाण शेकडा दोनच्या आसपास आले.

१८५६ मध्ये मायदेशी परतल्यावर त्यांनी संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्या साहाय्याने या मृत्यूंचा हिशेब मांडला. शत्रूच्या गोळ्यांपेक्षा रोगांनी अधिक सैनिक मारले होते आणि ते रोग टाळता येण्याजोगे होते. मंत्र्यांच्या गळी हे उतरविण्यास कोष्टके अपुरी पडतील, हे ओळखून बाई आलेखाकडे वळल्या. पहिला प्रयत्न फसला. मध्यबिंदूपासूनच्या रेषेची लांबी त्यांनी मृत्यूच्या प्रमाणानुसार ठेवली होती. परंतु पाहणाऱ्याची नजर लांबी मोजत नाही, रंगविलेले क्षेत्र मोजते. आकडा दुप्पट झाला की क्षेत्र चौपट दिसे. या अतिशयोक्तीने त्यांचीच बाजू बळकट होत होती; तरी त्यांनी ती टिकू दिली नाही. १८५८ च्या प्रसिद्ध आलेखात बारा महिन्यांच्या समान कोनाच्या बारा पाकळ्या आहेत आणि मृत्यूचे प्रमाण क्षेत्रफळाने दाखविले आहे. म्हणजे त्रिज्या वर्गमुळाच्या हिशेबाने. निळा रंग टाळता येण्याजोग्या रोगांचा, तांबडा जखमांचा, काळा इतर कारणांचा. त्या निळ्या पाकळ्यांत बाईंच्या स्वतःच्या रुग्णालयातील मृत्यूही होते.

आजही एक्सेलमध्ये बुडबुड्यांचा आलेख काढताना आकडा क्षेत्रफळाने दाखवावा की रुंदीने, अशी निवड करता येते. सॉफ्टवेअर दोन्ही सारख्याच निमूटपणे काढून देते.

हिंदुस्थानातील गोऱ्या फौजेच्या आरोग्याची चौकशी करणारा आयोग १८५९ मध्ये नेमला गेला. या देशात कधीही पाऊल न ठेवलेल्या बाईंनी छावण्याछावण्यांत प्रश्नावली धाडून माहिती मागविली. काय मोजायचे हे आधी ठरविले, चित्राचा विचार नंतर. १८६३ च्या अहवालात वार्षिक मृत्युदर हजारी ६९ निघाला. रणांगणावर नव्हे, छावणीत. ताप, हगवण आणि पटकी यांनी. हे सारे काम त्यांनी आजारपणात, बहुतांशी खोलीतूनच केले. १३ ऑगस्ट १९१० रोजी त्या वारल्या, तेव्हा त्यांची दृष्टी जाऊन काही वर्षे लोटली होती.