खोटे पकडणाऱ्याचा संसार

पती-पत्नीच्या भांडणात यंत्राला साक्षीला बोलावण्याची कल्पना ज्याने अमेरिकेच्या बाजारात हिरिरीने खपवली, त्या विल्यम मोल्टन मार्स्टनचे स्वतःचे घर मात्र आयुष्यभर एका बनावट कहाणीवर उभे होते. ‘वंडर वुमन’ या चित्रकथेतील नायिकेचा जनक म्हणून जग त्याला ओळखते. त्याआधी पाव शतक तो मिरवत होता तो असत्यशोधनाचा तज्ज्ञ म्हणून.

मार्स्टनचा जन्म ९ मे १८९३ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील सॉगस येथे झाला. हार्वर्ड विद्यापीठात ह्यूगो म्यून्स्टरबर्गच्या हाताखाली मानसशास्त्र शिकत असताना, १९१५ च्या सुमारास, खोटे बोलताना माणसाचा रक्तदाब चढतो, असा सिद्धान्त त्याने मांडला. त्याच वर्षी एलिझाबेथ हॉलोवेशी त्याचा विवाह झाला. संताप आला की आपला रक्तदाब चढतो, हे निरीक्षण मुळात तिचेच होते, असे कुटुंबात सांगितले जाई. कायद्याची पदवी आणि मानसशास्त्रातील उच्च पदवी या दोन्ही तिच्याकडे होत्या. तरीही शोधावर नाव लागले ते नवऱ्याचे. असे केवळ आपल्याकडेच घडते, असे नाही.

मार्स्टनचे साधन साधे होते. दंडाला बांधायची रक्तदाबाची पट्टी, स्टेथोस्कोप आणि प्रश्न. श्वास व रक्तदाबाची रेघ कागदावर सलग उमटवणारे यंत्र १९२१ मध्ये बर्कली पोलिस दलातील जॉन लार्सनने उभारले आणि लिओनार्ड कीलरने त्याच्या सुधारित रूपाचे पेटंट १९३१ मध्ये मिळवले. पुढे त्यात तळहाताच्या घामाची नोंदही आली आणि आजचा पॉलिग्राफ तयार झाला. मात्र श्वास, रक्तदाब आणि घाम यांपैकी एकही गोष्ट केवळ खोट्याची खूण नव्हे. भीती, लाज, अपमान, राग यांनीही त्या रेघा तशाच उसळतात. यंत्र खळबळ मोजते. ती खळबळ कशाची, हे समोर बसलेला परीक्षक ठरवतो.

न्यायालयाला ही मेख लवकर कळली. १९२२ मध्ये वॉशिंग्टन येथे खुनाचा आरोप असलेल्या जेम्स फ्राय या तरुणाची मार्स्टनने चाचणी घेतली आणि तो खरे बोलत असल्याचा निर्वाळा दिला. न्यायाधीशांनी ही साक्ष घेण्यास नकार दिला. डिसेंबर १९२३ मध्ये अपील न्यायालयानेही, त्या क्षेत्रातील शास्त्रज्ञांची सर्वसाधारण मान्यता नसलेली पद्धत पुरावा म्हणून चालणार नाही, असे ठरवले. वैज्ञानिक पुराव्याविषयीचा हा निकष अमेरिकी न्यायालयांत पुढे अनेक दशके वापरला गेला.

न्यायालयाचे दार बंद झाल्यावर मार्स्टनने बाजाराचे दार ठोठावले. १९२८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका चित्रपटगृहात त्याने सोनेरी आणि काळ्या केसांच्या नर्तिकांना प्रेमप्रसंग दाखवून कोणाच्या भावना अधिक उसळतात हे वार्ताहरांसमोर मोजून दाखवले. १९३८ मध्ये असत्यशोधनावरील त्याचे पुस्तक आले. त्याच वर्षी जिलेट कंपनीच्या दाढीच्या पात्यांच्या जाहिरातीत तो आपल्या यंत्रासह झळकला आणि ‘लुक’ या सचित्र नियतकालिकात दुरावलेल्या दाम्पत्यांचे प्रेम यंत्राने जोखून दाखवू लागला. खुनाच्या खटल्यात जे टिकले नाही, ते शयनगृहाच्या वादात बिनदिक्कत विकले गेले, कारण तेथे उलटतपासणी घेणारा वकील नव्हता.

या धंद्याचा खरा प्रश्न तोच आहे. चाचणीचे पैसे संशय घेणारा भरतो आणि पट्टे बांधले जातात ते जिच्यावर संशय आहे तिला. संसार मोडेल या धास्तीने निरपराध पत्नीचीही छाती धडधडते. चाचणीस नकार द्यावा, तर तोच कबुलीजबाब ठरतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००३ मधील अहवालात या तंत्राचा शास्त्रीय पाया कच्चा असल्याचे नोंदवले, तरी गिऱ्हाईक हटले नाही. आपल्या महानगरांतही दाम्पत्यांना अशी चाचणी करून देणाऱ्या खासगी संस्थांच्या जाहिराती दिसतात.

आपल्याला ही कल्पना परकी नाही. याज्ञवल्क्य स्मृतीत तुला, अग्नी, जल, विष आणि कोश ही दिव्ये सांगितली आहेत. संशयितास तांदूळ चावायला देण्याचे दिव्यही धर्मशास्त्राला ठाऊक होते. भीतीने तोंड कोरडे पडते, हाच त्यामागचा हिशेब असावा. आजचा कायदा मात्र वेगळा आहे. सेल्वी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० रोजी संमतीविना पॉलिग्राफ घेणे घटनाबाह्य ठरवले आणि संमतीने घेतलेल्या चाचणीचा निष्कर्षही स्वतंत्र पुरावा म्हणून ग्राह्य नाही, असे स्पष्ट केले. पोलिसांच्या चाचणीत आरोपीने दंडाधिकाऱ्यांसमोर संमती नोंदवावी, त्याला वकील मिळावा, असे दंडक आहेत. नवऱ्याने परस्पर ठरवलेल्या चाचणीत यांतले काय उरते? व्यभिचार २०१८ पासून गुन्हा नाही; घटस्फोटाचे कारण मात्र आहे. म्हणून यावलच्या एखाद्या पतीने उद्या पुण्या-मुंबईच्या संस्थेचा अहवाल आणला, तर न्यायालयात त्याचे फारसे वजन नसेल. पण भावकीच्या बैठकीत तो कागद फडकला, की पत्नीची बाजू ऐकून घेणारे किती उरतील?

मार्स्टनने स्वतःच्या घरात मात्र कोणालाही असे प्रश्न विचारू दिले नसते. १९२५ मध्ये टफ्ट्स महाविद्यालयात शिकवत असताना ऑलिव्ह बर्न ही विद्यार्थिनी त्याच्या आयुष्यात आली. संततिनियमनाच्या पुरस्कर्त्या मार्गारेट सँगर यांची ती भाची. लवकरच ती त्याच्या घरी राहायला आली. एलिझाबेथने हे मान्य केले. दोघींना त्याच्यापासून प्रत्येकी दोन अपत्ये झाली. एलिझाबेथ नोकरी करून घर चालवी, ऑलिव्ह चारही मुलांना वाढवी. शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी ऑलिव्ह ही विधवा होती. तिच्या मुलांनाही वडील वारल्याचे सांगितले होते, पण तो मृत पती कधी अस्तित्वातच नव्हता. ‘फॅमिली सर्कल’ या नियतकालिकात ती ऑलिव्ह रिचर्ड या नावाने लिही आणि एका विख्यात मानसशास्त्रज्ञाचा सल्ला घ्यायला त्याच्या घरी गेल्याचे वर्णन करी. तो मानसशास्त्रज्ञ म्हणजे मार्स्टन, आणि ते घर तिचेच.

तिघांनी आपखुशीने केलेल्या या तडजोडीला फसवणूक म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु तिची वाच्यता झाली असती, तर नोकरी, प्रतिष्ठा आणि मुले या सर्वांवर गदा आली असती. आपले सत्य कोणाला सांगायचे, हे ठरवण्याचा जो हक्क मार्स्टनने स्वतः घेतला, तो त्याच्या यंत्रापुढे बसणाऱ्यांना मिळत नव्हता.

१९४१ च्या अखेरीस त्याची वंडर वुमन अवतरली. तिच्या सोनेरी फासात सापडलेल्याला तिचे ऐकावेच लागे; पुढे तो फास खरे बोलायला लावणारा म्हणून प्रसिद्ध झाला. तिच्या मनगटांवरची कडी ऑलिव्हच्या हातातील कड्यांवरून सुचली होती. १९४४ मध्ये मार्स्टनला पोलिओने गाठले, नंतर कर्करोगाने. २ मे १९४७ रोजी न्यूयॉर्क राज्यातील राय येथे, ५४ वा वाढदिवस आठवड्यावर असताना, तो वारला. एलिझाबेथ आणि ऑलिव्ह त्यानंतरही कित्येक वर्षे एकाच घरात राहिल्या. ऑलिव्हच्या मुलांना आपल्या जन्मदात्याचे नाव कळले, तेव्हा त्याला जाऊन बराच काळ लोटला होता.