विश्लेषण : गर्भपात रोखणारा ‘शिरोडकर टाका’ काय आहे? तो देणारे डॉ. विठ्ठल शिरोडकर कोण होते?

पिशवीच्या तोंडाला टाका घालावा लागला, असे एखाद्या गर्भवतीबद्दल आपण घरात किंवा नात्यात कधी तरी ऐकलेले असते. जगभरातील प्रसूतिशास्त्राच्या पुस्तकांत हा टाका एका गोमंतकीय आडनावाने ओळखला जातो. ज्या महिलांचे गर्भ पुन:पुन्हा पाचव्या-सहाव्या महिन्यात पडत, त्यांच्यासाठी डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी तो शोधला.

डॉ. शिरोडकर कोण होते?

त्यांचा जन्म २७ एप्रिल १८९९ रोजी गोव्यातील शिरोडा गावी झाला. मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातून १९२३ मध्ये ते एमबीबीएस आणि १९२७ मध्ये एमडी झाले. पुढे इंग्लंडला जाऊन १९३१ मध्ये त्यांनी एफआरसीएस मिळवली. मायदेशी परतल्यावर जे. जे. रुग्णालयात रुग्णसेवा आणि ग्रँट महाविद्यालयात अध्यापन असे त्यांचे दुहेरी काम सुरू झाले. त्या काळी या विषयाच्या प्राध्यापकाला ‘मिडवायफरी आणि गायनॅकॉलॉजी’चा प्राध्यापक म्हणत. ते पद त्यांनी भूषवले.

त्यांच्यासमोर प्रश्न कोणता होता?

गर्भपाताची कारणे अनेक असतात. पण शिरोडकरांना महिलांचा एक वेगळा गट दिसला. त्यांचा गर्भ चौथ्या ते सातव्या महिन्यादरम्यान पडे आणि तेच पुढच्या खेपेलाही घडे. सक्तीची विश्रांती आणि हार्मोनची औषधे हे तेव्हाचे प्रचलित उपचार, पण या महिलांना त्यांचा गुण येत नव्हता. चार-चार वेळा, काहींच्या बाबतीत त्याहूनही अधिक वेळा मूल गमावलेल्या या महिला होत्या.

दोष गर्भात नाही, गर्भाशयमुखात आहे, असे निदान शिरोडकरांनी केले. गर्भाशयमुख म्हणजे पिशवीचे तोंड. नऊ महिने ते घट्ट मिटलेले असते आणि कळा सुरू झाल्या की उघडते. या महिलांमध्ये मात्र ते कळांविनाच सैल होई. वाढत्या गर्भाचा भार पेलला जात नसे. मग विश्रांती घेऊन किंवा गोळ्या खाऊन काय होणार? आधार कमजोर असेल तर आधारच द्यायला हवा, असा हा सरळ विचार होता.

टाका कसा घातला जात असे?

अमेरिकेत १९५० मध्ये लॅश यांनी गर्भधारणेपूर्वी गर्भाशयमुख दुरुस्त करण्याची पद्धत मांडली होती. शिरोडकरांनी शस्त्रक्रिया गरोदरपणातच करण्याचा निर्णय घेतला. गर्भाशयमुखावर पुढे आणि मागे छोटा छेद घ्यायचा, मूत्राशय वर सरकवायचे आणि आतल्या तोंडाच्या पातळीवर सभोवती पट्टी गुंडाळून बांधायची, अशी ही पद्धत. पट्टी कशाची? त्याच महिलेच्या मांडीतील स्नायूंवरच्या चिवट आवरणाची. पुढे कृत्रिम धाग्यांच्या फिती आल्या. ‘अँटिसेप्टिक’ या भारतीय वैद्यकीय नियतकालिकात १९५५ मध्ये त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली.

मॅकडोनाल्ड यांनी काय बदलले?

ऑस्ट्रेलियातील मेलबर्नचे इयान मॅकडोनाल्ड यांनी १९५७ मध्ये सोपी पद्धत मांडली. यात मूत्राशय सरकवावे लागत नाही. बटव्याच्या तोंडाला नाडी ओवून ओढावी, तसा गर्भाशयमुखाभोवती धागा ओवून आवळतात. करायला आणि काढायला सोपा असल्याने हा टाका अधिक प्रचलित झाला. तरीही जिथे टाका अधिक वर बसवायचा असतो, तिथे शिरोडकर पद्धत आजही वापरली जाते.

शिरोडकरांचे काम टाक्यापुरतेच होते का?

नाही. अंग बाहेर येण्याच्या तक्रारीवर गर्भाशय न काढता त्याला झोळीसारखा आधार देणारी ‘शिरोडकर स्लिंग’ शस्त्रक्रिया त्यांचीच. तरुण महिलांची मूल होण्याची शक्यता त्यामुळे टिकते. बंद गर्भनलिका मोकळ्या करण्याच्या शस्त्रक्रियेवरही त्यांनी काम केले. १९६० मध्ये त्यांच्या संशोधनाचा ग्रंथ परदेशात प्रसिद्ध झाला.

आज हा टाका कोणाला उपयोगी ठरतो?

सर्वांना नाही. टाका घालावा की नाही याबद्दल डॉक्टरांनाच खात्री नव्हती, अशा १,२९२ महिलांवरील ब्रिटिश पुढाकाराच्या बहुराष्ट्रीय चाचणीचा अंतिम अहवाल १९९३ मध्ये आला. ३३ आठवड्यांपूर्वी प्रसूतीचे प्रमाण टाका घातलेल्यांत १३ टक्के, तर न घातलेल्यांत १७ टक्के होते. म्हणजे साधारण २५ जणींना टाका घातला, तर एकीची अशी अकाली प्रसूती टळते. सर्वाधिक फायदा तीन किंवा अधिक वेळा असा अनुभव आलेल्यांना झाला. आता सोनोग्राफीत गर्भाशयमुखाची लांबी मोजता येते. ती २५ मिलिमीटरपेक्षा कमी असेल आणि पूर्वी अकाली प्रसूती झाली असेल, तर टाक्याचा विचार होतो. तो साधारण ३६-३७ आठवड्यांनंतर काढतात. शिरोडकरांनी १९५५ मध्ये जो गट वेगळा ओळखला होता, त्यांनाच तो अधिक उपयोगी ठरावा, हे लक्षणीय आहे.

दखल कशी घेतली गेली?

केंद्र सरकारने त्यांना १९६० मध्ये पद्मभूषण आणि १९७१ मध्ये पद्मविभूषण दिले. त्याच वर्षी ७ मार्चला त्यांचे निधन झाले. पूर्वी या आजाराच्या इंग्रजी नावात गर्भाशयमुखाला ‘अकार्यक्षम’ ठरवणारा शब्द होता. मूल गमावलेल्या महिलेलाच तो बोचत असे. आता त्याऐवजी ‘अपुरेपणा’ या अर्थाचा शब्द वापरतात. आजाराचे नाव बदलले, टाक्याचे मात्र तेच राहिले.