बेंजामिन रॉबिन्स

बेंजामिन रॉबिन्स (१७०७ – २९ जुलै १७५१) हे इंग्लिश गणितज्ञ आणि लष्करी अभियंते होते. बंदुकीच्या गोळीचा वेग प्रत्यक्ष मोजण्याची खात्रीची रीत त्यांनी घालून दिली. १७४२ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा ‘न्यू प्रिन्सिपल्स ऑफ गनरी’ हा ग्रंथ आधुनिक प्रक्षेपणशास्त्राचा पाया मानला जातो. बंदुका आणि तोफा यांविषयी विश्वसनीय ग्रंथ कोणता, या प्रश्नाला युरोपात दीर्घकाळ याच ग्रंथाचे नाव उत्तर म्हणून दिले जात असे.

प्रारंभिक जीवन

रॉबिन्स यांचा जन्म इंग्लंडमधील बाथ येथे क्वेकर पंथाच्या, बेताच्या परिस्थितीतील कुटुंबात झाला. हेन्री पेंबर्टन यांच्या प्रोत्साहनाने ते लंडनला आले आणि गणिताच्या शिकवण्या करून उदरनिर्वाह करू लागले. १७२७ मध्ये, वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी, ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. बिशप बर्कली यांनी न्यूटनच्या कलनशास्त्रावर आक्षेप घेतले, तेव्हा १७३५ मध्ये रॉबिन्स यांनी न्यूटनच्या बाजूने ग्रंथ लिहिला. वादविवादाची त्यांना मुळातच आवड असावी. १७३९ मध्ये त्यांनी लेओनार्ड ऑयलर यांच्या गतिशास्त्रावरील ग्रंथावर कठोर टीका केली आणि त्याच वर्षी पंतप्रधान वॉल्पोल यांच्या स्पेनविषयक धोरणाविरुद्ध पत्रके काढली. १७४१ मध्ये वुलिच येथील नव्या लष्करी अकादमीत प्राध्यापकपद मिळावे अशी त्यांची इच्छा होती, परंतु नेमणूक दुसऱ्याची झाली. पुढच्याच वर्षी त्यांचा ग्रंथ बाहेर आला.

जुने ग्रंथ आणि लंबकाचा प्रयोग

तोफविद्येवर त्यापूर्वी पुस्तके नव्हती असे नाही. इटलीत टार्टाग्लिया यांनी १५३७ मध्येच या विषयाला हात घातला होता. पुढे गॅलिलिओ यांनी हवेचा अडथळा नसल्यास गोळ्याचा मार्ग अन्वस्ताकार असतो हे सिद्ध केले. अडचण निर्माण झाली ती नंतरच्या ग्रंथकारांमुळे. हवेचा रोध नगण्य आहे असे गृहीत धरून त्यांनी पल्ल्यांची कोष्टके रचली आणि ती एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात उतरत गेली. ग्रंथाच्या प्रस्तावनेत रॉबिन्स यांनी या जुन्या साहित्याचा परामर्श घेतला. प्रत्यक्ष गोळीबाराच्या आधारे लिहिणारे लेखक त्यांना अगदी मोजकेच आढळले.

रॉबिन्स यांचे उपकरण साधे होते. लोखंडी तिपाईला जाड लाकडी ठोकळा बसवलेला लंबक टांगलेला असे. गोळी ठोकळ्यात रुतली की लंबक मागे झुले आणि त्याला जोडलेली फीत तितकीच ओढली जाई. फितीच्या लांबीवरून झोका, आणि झोका व वजने यांवरून गोळीचा वेग काढता येत असे. पाऊण इंच व्यासाची शिशाची गोळी मस्केटमधून सेकंदाला सुमारे १,७०० फूट वेगाने सुटते, असे त्यांना आढळले. अन्वस्ताच्या हिशेबाने ही गोळी ४५ अंशांच्या कोनात सुमारे १७ मैल जायला हवी. प्रत्यक्षात ती अर्धा मैलही जात नसे. या वेगाला हवेचा रोध गोळीच्या वजनाच्या सुमारे १२० पट असतो, असे त्यांनी दाखवले. ध्वनीच्या वेगाच्या आसपास हा रोध एकाएकी वाढतो, हेही त्यांच्या ध्यानात आले होते.

गोळी बाजूला का वळते, याचाही त्यांनी शोध घेतला. त्यांनी मस्केटची नळी टोकाशी डावीकडे वाकवली आणि मार्गात पातळ कागदाचे पडदे टांगले. पडद्यांवरील भोकांवरून दिसले की गोळी आधी डावीकडे जाते व नंतर उजवीकडे वळते. स्वतःभोवतीच्या फिरकीमुळे हे घडते, हा त्यांचा निष्कर्ष होता. १७४७ मध्ये त्यांनी रॉयल सोसायटीपुढे मळसूत्री खाचांच्या नळीचे, म्हणजे रायफलचे, फायदे मांडले. जे राष्ट्र रायफल आधी आत्मसात करील त्याचे सैन्य वरचढ ठरेल, असे भाकीत त्यांनी केले. त्याच्या आदल्या वर्षी, १७४६ मध्ये, त्यांना कोप्ली पदक मिळाले होते.

ऑयलर यांचे भाषांतर

प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याने तोफविद्येवरील सर्वोत्तम ग्रंथ कोणता, अशी पृच्छा ऑयलर यांच्याकडे केली. ऑयलर यांनी स्वतःवर टीका करणाऱ्या रॉबिन्स यांचेच नाव सुचवले, ही त्यांच्या मनाच्या मोठेपणाची खूण म्हणावी लागेल. १७४५ मध्ये त्यांनी स्वतः जर्मन भाषांतर केले आणि त्याला मूळ ग्रंथाच्या कितीतरी पट टीपा जोडल्या. मात्र या टीपा जपूनच वाचाव्या लागतात. फिरकीविषयीचे रॉबिन्स यांचे म्हणणे ऑयलर यांना मान्य नव्हते. गोळी सदोष आकारामुळे वळते, असे त्यांचे मत होते. पुढे शतकभराने रॉबिन्स यांचेच निरीक्षण खरे ठरले. तरीही या परिणामाला १८५२ मध्ये त्याचा अभ्यास करणाऱ्या माग्नुस यांचे नाव मिळाले. फ्रान्समध्ये लोंबार यांनी १७८३ मध्ये भाषांतर केले. ते ओसोन येथील तोफखाना शाळेत शिकवत असत आणि तरुण नेपोलियन त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी होता.

भारतातील अखेर

१७४९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने किल्ल्यांच्या दुरुस्तीसाठी रॉबिन्स यांची मुख्य अभियंता म्हणून नेमणूक केली. जुलै १७५० मध्ये ते भारतात पोहोचले. मद्रासचा सेंट जॉर्ज आणि कडलूरजवळचा सेंट डेव्हिड या किल्ल्यांचे आराखडे त्यांनी तयार केले. यांपैकी सेंट डेव्हिड कंपनीने १६९० मध्ये, छत्रपती राजाराम महाराज जिंजीस असताना, मराठ्यांकडून विकत घेतला होता. किल्ल्याभोवती तोफेचा गोळा जिथवर जाईल तिथवरची जमीन कंपनीला मिळावी, असा तो करार होता. पल्ल्याच्या हिशेबासाठी आयुष्य वेचलेल्या रॉबिन्स यांचा अंत याच जागी झाला. सप्टेंबरात आलेल्या तापातून ते सावरले होते. परंतु पुन्हा आजारी पडून २९ जुलै १७५१ रोजी सेंट डेव्हिड येथे ते निवर्तले. संचालकांसाठी अहवाल लिहीत असताना हातात लेखणी असतानाच त्यांचा मृत्यू झाला, असे सांगितले जाते. ते अविवाहित होते.

त्यांचे मित्र जेम्स विल्सन यांनी १७६१ मध्ये त्यांचे गणितविषयक लेखन दोन खंडांत प्रसिद्ध केले. १८०५ मध्ये चार्ल्स हटन यांनी तोफविद्येवरील ग्रंथाची सटीप आवृत्ती काढली. हटन यांनी त्याआधीच रॉबिन्स यांचा लंबक मोठा करून त्यावर तोफेचे गोळे झाडून पाहिले होते. ते प्रयोग वुलिच येथेच झाले आणि हटन त्या वेळी तेथील अकादमीत गणिताचे प्राध्यापक होते.