जेम्स वॉर्ड्रॉप : गाठीच्या मुळाचा शोध

पन्नाशी उलटलेल्या एका गृहस्थाच्या डोळ्यावर जन्मापासून एक गाठ होती. सोळाव्या वर्षी दाढी फुटू लागली आणि त्याच सुमारास गाठीवरही केस उगवले. बाराहून अधिक लांब केस पापण्यांच्या फटीतून बाहेर येऊन गालावर लोंबत. स्कॉटिश शल्यविशारद जेम्स वॉर्ड्रॉप यांनी नेत्रविकृतींवरील आपल्या ग्रंथात ही नोंद करून ठेवली आहे. डर्मॉइड या नावाने आज ओळखली जाणारी ही गाठ म्हणजे गर्भावस्थेत भलत्याच जागी रुजलेली त्वचा. तिचा कर्करोगाशी संबंध नसतो.

१७८२ साली जन्मलेले वॉर्ड्रॉप १८०३ मध्ये शिक्षणासाठी पॅरिसला गेले आणि युद्धामुळे तेथे इंग्रजांची धरपकड सुरू झाली. ते निसटले ते व्हिएन्नाला, आणि नेत्रशल्यक्रियेची गोडी त्यांना लागली ती तेथील बेअर यांच्याकडे. युद्धाने घडवलेले हे वळण वैद्यकाच्या पथ्यावरच पडले.

डोळ्यावर दिसणारी प्रत्येक गाठ डर्मॉइडसारखी निरुपद्रवी नसते. काही लहान मुलांचा डोळा सुजून फुटे आणि भूछत्रासारखा रक्ताळलेला मांसल गोळा बाहेर येई. दिसणारा भाग कापला तरी तो पुन्हा वाढे. वॉर्ड्रॉप यांनी अशा डोळ्यांचे विच्छेदन केले, तेव्हा रोगाचे मूळ आत, दृष्टिपटलात असल्याचे आढळले. तेथून तो दृष्टिचेतेच्या वाटेने मेंदूकडे सरकत होता. १८०९ च्या ग्रंथात त्यांनी सल्ला दिला, की रोग डोळ्याबाहेर पडण्याआधीच संपूर्ण डोळा काढावा.

सल्ला योग्य होता, पण तो अमलात आणणे भयंकर होते. भूल देण्याची सोय १८४६ पर्यंत नव्हती, आणि डोळ्याच्या आत पाहण्याचे हेल्महोल्ट्झ यांचे उपकरण आले ते १८५१ मध्ये. तोवर बाहुलीतील एखाद्या पांढुरक्या चमकेवर विसंबून, शुद्धीवर असलेल्या मुलाचा डोळा काढायचा होता. समव्यावसायिक कचरले, यात नवल नाही.

वॉर्ड्रॉप पुढे राजे चौथे जॉर्ज यांचे शल्यविशारद झाले. ‘लॅन्सेट’मधून सहकाऱ्यांची बोचरी टवाळी करून त्यांनी शत्रूही पुष्कळ जोडले. १३ फेब्रुवारी १८६९ रोजी ते वारले, तोवर भूल आणि ते उपकरण दोन्ही रुळली होती. त्या रोगाला रेटिनोब्लास्टोमा हे नाव मिळाले ते मात्र १९२६ मध्ये.