डॉ. कोटणीसांचा आजार अन् चेहऱ्यातली कळ : दोन्हींवर गोळी एकच कशी?

डॉ. द्वारकानाथ कोटणीस कोण, हे सोलापूरकरांना सांगायला नको. ते फेफऱ्याने गेले, हे मात्र अनेकांना ठाऊक नसते.

१० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्म. मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झाले. जपानने हल्ला केलेल्या चीनच्या मदतीला १९३८ मध्ये भारतातून पाच डॉक्टर गेले. त्यात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. बाकीचे चौघे यथावकाश परतले, कोटणीस तिथेच राहिले. १९४० मधल्या एका लढाईत त्यांनी सलग ७२ तास जखमींवर शस्त्रक्रिया केल्याचे सांगितले जाते. पुढे ते बेथून रुग्णालयाचे संचालक झाले. तिथल्याच कुओ छिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केले. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. नाव ठेवले यिनह्वा. यिन म्हणजे भारत, ह्वा म्हणजे चीन. बाळ चार महिन्यांचेही झाले नव्हते, तोच ९ डिसेंबरला फेफऱ्याच्या झटक्यांनी कोटणीस गेले. वय अवघे ३२.

चुटपुट लागते ती पुढच्या गोष्टीने. फिनिटॉइन हे औषध फेफऱ्यावर चालते, हे अमेरिकेत १९३८ मध्येच, म्हणजे ते चीनला निघाले त्याच वर्षी, सिद्ध झाले होते. पण नाकेबंदीतल्या त्या डोंगराळ मुलखात साध्या औषधांचीही टंचाई होती.

ते गेले त्याच १९४२ मध्ये फ्रान्समध्ये हेच औषध चेहऱ्याच्या नसेच्या कळेवर गुणकारी ठरल्याची नोंद झाली. या दुखण्याला ट्रायजेमिनल न्यूराल्जिया म्हणतात. मेंदूजवळ एखादी रक्तवाहिनी नसेवर दाबते, नसेचे आवरण झिजते. मग दात घासताना, दाढी करताना, नुसता वारा लागला तरी शॉक बसल्यासारखी कळ येते. फेफऱ्यात मेंदूच्या पेशी भडकतात, इथे नस. भडका शमवणारी गोळी म्हणूनच दोन्हीकडे चालते. १९६० च्या दशकापासून फिनिटॉइनची जागा कार्बामाझेपिनने घेतली.

घोळ इथेच होतो. आधी कित्येक जण चांगली दाढ काढून बसतात. नंतर कुणीतरी ‘ही तर फिटची गोळी’ म्हणते आणि रुग्ण घाबरून ती बंद करतो. तसे करू नका. डोस डॉक्टरच हळूहळू वाढवतात. अंगावर पुरळ उठले, तर मात्र त्याच दिवशी त्यांना गाठा. गोळी पुरेनाशी झाली, तर न्यूरोसर्जन रक्तवाहिनी आणि नस यांच्यामध्ये टेफ्लॉनची छोटी गादी बसवतात.