डॉ. कमल रणदिवे : पेशींच्या अंतरंगाचा वेध

मुलीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरशीच विवाह करावा, ही वडिलांची इच्छा बाजूला ठेवून कमल समर्थ जीवशास्त्राकडे वळल्या. पुढे कर्करोगाच्या मूलभूत संशोधनाचा पाया भारतात ज्यांनी घातला, त्यांत डॉ. कमल रणदिवे हे नाव अग्रक्रमाने घेतले जाऊ लागले.

त्यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. वडील दिनकर समर्थ फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे प्राध्यापक होते. हुजूरपागा आणि फर्ग्युसन येथील शिक्षणानंतर कमलताईंनी १९४३ मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून सीताफळाच्या कुळातील वनस्पतींवर पेशीविज्ञानाचा अभ्यास करून एम.एस्सी. पदवी मिळवली. तत्पूर्वी १९३९ मध्ये गणितज्ञ जयसिंग रणदिवे यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली त्या संशोधन करू लागल्या आणि १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या पीएच.डी. झाल्या.

खानोलकरांच्या प्रोत्साहनाने त्या बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्याकडे गेल्या. शरीराबाहेर, काचपात्रात पेशी जिवंत ठेवून वाढवण्याचे तंत्र त्यांनी तेथे आत्मसात केले. गाय यांच्याच प्रयोगशाळेत १९५१ मध्ये जगप्रसिद्ध ‘हेला’ पेशींची वाढ झाली. मायदेशी परतल्यावर कमलताईंनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. पेशींच्या वाढीसाठी लागणारी पोषकद्रावणे व अभिकारकेही त्यांनी सहकाऱ्यांसह येथेच सिद्ध केली.

उंदरांच्या निरनिराळ्या वाणांवर प्रयोग करून आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांचा स्तनाच्या कर्करोगाशी असलेला संबंध त्यांनी तपासला. १९६६ ते १९७० या काळात त्यांनी संस्थेच्या संचालकपदाची धुरा वाहिली. कर्कजनन, पेशीजीवशास्त्र आणि प्रतिकारशास्त्र यांचे नवे विभाग तेथे सुरू करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. कुष्ठरोगाच्या जिवाणूंवरील संशोधनासाठी १९६४ मध्ये त्यांना वाटुमल प्रतिष्ठानचे पारितोषिक लाभले.

संप्रेरक हा पेशीला मिळणारा संदेश असतो, तर तो स्वीकारणारे प्रथिन म्हणजे ग्राही. इस्ट्रोजेनच्या ग्राहीला अचूक ओळखणारी एकाच पेशीच्या वंशातील प्रतिपिंडे १९८० मध्ये शिकागो येथे एल्वूड जेन्सन यांच्या चमूने तयार केली. आज गाठीचा पातळ काप काचपट्टीवर घेऊन त्यावर असे प्रतिपिंड सोडतात. ग्राही असल्यास ते त्यालाच चिकटते आणि रंगप्रक्रियेनंतर पेशींची केंद्रके सूक्ष्मदर्शकाखाली तपकिरी दिसतात. डिचोली तालुक्यातील सुर्ल्याची एखादी स्त्री बांबोळीला किंवा मुंबईला उपचारांसाठी गेली, तर तिला टॅमॉक्सिफेनसारख्या संप्रेरकरोधक गोळ्या उपयोगी पडतील का, हे या रंगावरून कळते. हे प्रतिपिंड कमलताईंनी घडवले नाही. मात्र ज्या प्रश्नाचे उत्तर ते देते, तो संप्रेरकांचा प्रश्न त्यांनी कितीतरी आधी मुंबईतील प्रयोगशाळेत हाताळला होता.

चाचणी कितीही अचूक असली, तरी स्त्री वेळेवर दवाखान्यात पोहोचली तरच ती उपयोगी पडते. कमलताईंचे उत्तरायुष्य या दुसऱ्या बाजूकडे वळलेले दिसते. १९७३ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण किताब मिळाला. त्यानंतरही त्यांनी नगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी केली आणि ग्रामीण स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून प्रशिक्षण देण्याचे काम अंगावर घेतले. ज्या दुखण्याविषयी घरातही बोलायला बाई संकोचते, ते ती गावातल्याच ओळखीच्या बाईला सांगू शकते.

११ एप्रिल २००१ रोजी त्यांचे निधन झाले.