‘प्रभात’च्या दारातील उपोषण

विश्रांतवाडीहून डेक्कनकडे जाणारी बस येरवड्याच्या तुरुंगाच्या बाजूने निघते, बंडगार्डनचा पूल ओलांडते आणि स्टेशनमार्गे गावात शिरते. गेली अनेक वर्षे महाविद्यालयात जाण्यासाठी प्रस्तुत लेखक हाच रस्ता तुडवीत आला आहे. येरवड्याचा तुरुंग आला की 1932 सालच्या सप्टेंबरातील गांधीजींचे उपोषण आठवणे स्वाभाविकच आहे. त्याचा शेवट पुणे करारात झाला, हे शाळेतली मुलेही सांगतील. परंतु याच रस्त्याने पुढे लॉ कॉलेज रोडपर्यंत गेल्यास, आज जेथे फिल्म इन्स्टिट्यूट उभी आहे त्या जागी, सात वर्षांनी दुसरे एक उपोषण झाले होते, याची वार्ता फार थोड्यांना असते. ते एका नटीने केले होते. प्रश्न राज्यघटनेचा नव्हता. पगाराचा आणि नोकरीच्या कराराचा होता.

शांता आपटे यांचे नाव आज घेतले की जुन्या पिढीला ‘कुंकू’ आठवतो आणि नव्या पिढीला काहीच आठवत नाही. हे नाव मला पुन्हा उघडावेसे वाटले याला एक घरगुती म्हणावे असे कारण घडले. आमच्याच भागात राहणारी एक माजी विद्यार्थिनी दूरचित्रवाणीच्या एका मालिकेत निवडली गेली आणि कराराचे कागद घेऊन माझ्याकडे आली. अर्थशास्त्राच्या शिक्षकाला कायदा कळतो असा आपल्याकडे एक गोड गैरसमज आहे. कागद वाचले. मालिका चालू असेतोवर दुसरीकडे काम करता येणार नाही, मानधन चित्रीकरणानंतर तीन महिन्यांनी मिळेल, आणि काम थांबवण्याचा अधिकार निर्मात्याला राहील. मुलीला मात्र तो नाही. वाचता वाचता वाटले, हा कागद आपण कोठेतरी पाहिला आहे.

शांताबाईंचा जन्म 1916 सालचा, सोलापूर जिल्ह्याच्या कानडी सीमेवरील दुधनी या गावचा. गाण्याचे शिक्षण पंढरपूरच्या महाराष्ट्र संगीत विद्यालयात झाले. थोरले बंधू बाबूराव आपटे हे त्यांचे पालक आणि व्यवहार पाहणारे. भालजी पेंढारकरांच्या ‘श्यामसुंदर’मध्ये 1932 साली त्या प्रथम पडद्यावर आल्या. त्या काळी कुलीन म्हणवणाऱ्या घरातील मुलीने सिनेमात जाणे म्हणजे काय होते, हे समजण्यासाठी अवघी वीस वर्षे मागे गेले तरी पुरे. दादासाहेब फाळक्यांना ‘राजा हरिश्चंद्र’साठी तारामती मिळेना, म्हणून साळुंके नावाच्या पुरुषाला लुगडे नेसवावे लागले. लगेच त्याच 1913 साली दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये उभ्या राहिल्या. 1932 मध्ये ‘अयोध्येचा राजा’त दुर्गा खोटे आल्या आणि प्रतिष्ठेचा प्रश्न काही अंशी सुटला. पैशाचा प्रश्न मात्र तेव्हा कोणी विचारलाही नव्हता. स्त्रीने सिनेमात यावे की नाही यावर आपल्याकडे खंडीभर वाद झाले; आल्यावर तिला किती मिळावे, केव्हा मिळावे आणि सोडून जायचे झाल्यास कोणत्या अटींवर, हा विषय गौण मानला गेला.

प्रभात फिल्म कंपनी 1933 मध्ये कोल्हापूर सोडून पुण्यास आली. पुण्यातील तिचा पहिला मोठा बोलपट ‘अमृतमंथन’ 1934 चा. त्यात शांताबाईंनी सुमित्रेची भूमिका केली. केशवराव भोळ्यांनी बांधलेली त्यांची गाणी गाजली. तोवरच्या बोलपटातील गाणारी नटी बहुधा खांबासारखी उभी राहून गात असे. शांताबाई गाताना डोळ्यांनी, हातांनी, मानेच्या झटक्यांनी बोलत. गाणे हे प्रसंगाचाच भाग आहे असे त्यांच्यामुळे वाटू लागले. ‘अमरज्योती’मध्ये दुर्गाबाईंच्या चाचेराणीसमोर त्या उभ्या राहिल्या आणि 1937 साली ‘कुंकू’ आला.

नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरील हा बोलपट आजही पाहावा. म्हाताऱ्या विधुर वकिलाशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा रडत बसत नाही. ती संसाराला ठाम नकार देते. आमच्याकडे ‘शारदा’ नाटक 1899 पासून चालत आले होते आणि त्यावर डोळे पुसण्याची सवय प्रेक्षकांना जडली होती. 1929 मध्ये शारदा कायदाही झाला. तथापि त्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा ठरवले, नवरा-बायकोच्या वयातील अंतराविषयी तो गप्पच होता. नीरेचे भांडण कायद्याच्या या मोकळ्या जागेत उभे राहते. शांतारामबापूंनी पार्श्वसंगीत वर्ज्य करून घरातल्या, रस्त्यातल्या आवाजांवर सारा बोलपट तोलला, तेव्हा तो तोल सांभाळण्याचा भार नायिकेच्या चेहऱ्यावर आला. शांताबाईंनी तो पेलला. त्यांनी त्यात लाँगफेलोची एक इंग्रजी कविताही गायिली आहे. काकासाहेबांची भूमिका करणारे केशवराव दाते हे मुरलेले नट, आणि त्यांच्यापुढे एकवीस वर्षांची ही मुलगी कोठेही दबत नाही. ‘दुनिया न माने’ या नावाने हाच बोलपट हिंदीत निघाला आणि शांताबाईंचे नाव देशभर झाले.

पुढच्या वर्षी ‘गोपाळकृष्ण’मध्ये त्या राधा झाल्या. त्यानंतर ‘प्रभात’मध्ये त्यांची भूमिका दिसत नाही. 1939 च्या ‘माणूस’मध्ये नायिका शांता हुबळीकर होत्या.

येथे थोडे अर्थशास्त्र सांगितल्यावाचून गत्यंतर नाही. त्या काळचा स्टुडिओ हा कारखानाच होता. दिग्दर्शकापासून सुतारापर्यंत सारे मासिक पगारावर, हजेरी ठरलेली, शिस्त कडक. ‘प्रभात’ यात आदर्श समजली जाई आणि तसे समजणे चुकीचे नव्हते. नियमित पगार देणारी चित्रसंस्था ही त्या धंद्यात दुर्मीळच चीज होती. परंतु सुताराच्या श्रमाचा बाजारभाव एका चित्रपटाने बदलत नाही, नटीचा बदलतो. करारावर सही करताना ती होतकरू असते. दोन चित्रपट चालले की तिच्या नावावर तिकिटे विकली जातात. वाढलेली किंमत कोणाच्या खिशात जायची? करार बांधलेला असल्यामुळे ती संस्थेच्या खिशात जाते, आणि दुसरीकडे काम करण्यास मनाई असल्यामुळे नटीला आपला भाव कळण्याचाही मार्ग उरत नाही. संस्थेची बाजूही ऐकली पाहिजे. तिने धोका पत्करला, शिकवले, जाहिरात केली, नाव मोठे केले. ते नाव घेऊन नटी उद्या शेजारच्या स्टुडिओत गेली तर गुंतवणूक बुडाली. दोन्ही म्हणणी खरी आहेत. फरक इतकाच की कॅमेरा वर्षभर कपाटात ठेवला तरी तो कॅमेराच राहतो. तेवीस वर्षांच्या नायिकेचे वाया गेलेले वर्ष कोणत्याही जमाखर्चात पुन्हा जमेस धरता येत नाही. श्रम साठवता येत नाहीत, हे आम्ही वर्गात फळ्यावर लिहून देतो. नटीच्या बाबतीत ते शब्दशः खरे असते.

1939 च्या जुलै महिन्यात शांताबाई ‘प्रभात’च्या दारात उपोषणाला बसल्या. वाद वेतनाचा आणि कराराचा. याच वर्षी मार्चमध्ये गांधीजींनी राजकोटला उपवास केला होता. तेव्हा हे शस्त्र लोकांच्या परिचयाचे होते. पण ते संस्थानिकांविरुद्ध, सरकारविरुद्ध वापरायचे. एका नावाजलेल्या नटीने ते आपल्या मालकांविरुद्ध, तेही पगारासाठी वापरावे, हे पुण्याला नवीन होते. गिरणीकामगाराने संप केला तर त्याला संप म्हणतात. नटीने केला तर रुसवा म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. माझ्या मते तो संपच होता, पाठीशी संघटना नसलेल्या एकटीचा संप. उंच पगाराच्या माणसाने पगारासाठी उपाशी बसावे हे विसंगत वाटेल, आणि ज्यांच्या पगारात दोन वेळचे भागत नव्हते अशा स्टुडिओतील मजुरांकडे पाहता ते तसे थोडे होतेही. तथापि प्रश्न रकमेचा असला तरी वाद अधिकाराचा होता. आपले श्रम कोणाला आणि कोणत्या अटीवर विकायचे, हे ठरवण्याचा तो अधिकार होय.

याच सुमारास असेच भांडण दूर हॉलिवूडमध्येही चालू होते. वॉर्नर ब्रदर्सच्या कराराविरुद्ध बेट्टी डेव्हिस 1936 मध्ये लंडनच्या न्यायालयापर्यंत गेली आणि हरली. नटीने भूमिका नाकारली की तिला बिनपगारी ठेवायचे आणि ते दिवस कराराच्या मुदतीत पुढे जोडायचे, अशी तेथे रीत होती. ऑलिव्हिया डी हॅविलँडने तीविरुद्ध दावा लावला आणि 1944 च्या डिसेंबरात कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने निकाल तिच्या बाजूने दिला. तिच्या मदतीला सात वर्षांहून अधिक काळ कोणाला सेवेत बांधून ठेवता येणार नाही असे सांगणारा त्या राज्याचा जुना कामगार कायदा होता. शांताबाईंच्या हाताशी लॉ कॉलेज रोड होता, कायदा नव्हता. चित्रपटाच्या कामगारांशी लेखी करार करणे आवश्यक ठरवणारा कायदा आपल्या संसदेने केला तो 1981 साली.

‘प्रभात’ सुटली. 1940 मध्ये शांताबाईंनी ‘जाऊ मी सिनेमात?’ हे मराठी पुस्तक प्रसिद्ध केले, आणि माझ्या दृष्टीने त्यांच्या चरित्रातील हा सर्वांत विलक्षण भाग आहे. नटीने लिहायचे तर आठवणी लिहाव्यात, कोणत्या भूमिकेला कोणते पातळ नेसले ते सांगावे, अशी वाचकाची अपेक्षा असते. या चोवीस वर्षांच्या बाईने सिनेमात येऊ पाहणाऱ्या तरुण वाचकापुढे धंद्याचा ताळेबंद मांडला. भांडवल कोणाचे, राबतो कोण, कलावंताचे शरीर यंत्रासारखे वापरले जाते तेव्हा त्याची झीज कोण भरून देतो, असे प्रश्न तिने उभे केले. अब्रूच्या नेहमीच्या चर्चेला तिने श्रमाच्या चर्चेचे वळण दिले. आमच्या विद्यापीठांतील श्रम-अर्थशास्त्राच्या वाचनयाद्यांत या पुस्तकाचे नाव मी कधी पाहिले नाही. दोष वाचनयाद्यांचा आहे.

मग त्या मोकळ्या झाल्या. 1941 मध्ये तमिळ ‘सावित्री’ आला. त्यासाठी शांताबाई तमिळ शिकल्या. त्यात नारदाची भूमिका एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांनी केली आणि त्या मानधनातून ‘कल्कि’ साप्ताहिक उभे राहिले. एका बाईच्या कमाईतून वृत्तपत्र निघू शकते हा हिशेब मद्रासेत झाला होता, एवढे जाता जाता नोंदवावे. पुढच्याच वर्षी लाहोरच्या पंचोलींचा ‘जमीनदार’, गुलाम हैदर यांच्या संगीतात. 1943 मध्ये नूरजहाँबरोबर ‘दुहाई’. पुणे, मद्रास, लाहोर, मुंबई असा प्रवास स्वतःच्या नावावर करणारी मराठी नटी त्या वेळी दुसरी चटकन सांगता येत नाही.

पण मोकळेपणालाही किंमत पडते. युद्धाच्या दिवसांत काळा पैसा चित्रधंद्यात शिरला, एकेका चित्रपटापुरते निर्माते उगवले, नटनट्यांचे भाव वाढले आणि स्टुडिओंची मासिक पगाराची व्यवस्था कोसळली. ‘प्रभात’ही 1953 मध्ये बंद पडली. ज्या कराराविरुद्ध शांताबाई भांडल्या तो करार नाहीसा झाला, आणि त्याबरोबर पहिल्या तारखेचा पगारही. याच काळात पार्श्वगायन रुजले. 1946 च्या मास्टर विनायकांच्या ‘सुभद्रा’त शांताबाईंबरोबर लता मंगेशकर नावाची एक कोवळी मुलगी गायिली आहे. तीन वर्षांत त्या मुलीच्या आवाजाने सारा बाजार बदलला. गाणे एकीचे आणि चेहरा दुसरीचा अशी श्रमविभागणी झाल्यावर, दोन्ही स्वतःच करणाऱ्या नटीचे भांडवल निम्म्यावर आले. 1948 मध्ये शांताराम आठवल्यांच्या ‘भाग्यरेखा’त त्या पु. ल. देशपांड्यांबरोबर दिसतात; नंतरची कामे तुरळक, बरीचशी पौराणिक. शेवटचा चित्रपट 1958 चा ‘रामभक्त विभीषण’. 24 फेब्रुवारी 1964 रोजी, काही महिन्यांच्या आजारानंतर, अंधेरीत त्यांचे निधन झाले. पन्नाशीही गाठली नव्हती. 1952 च्या भविष्यनिर्वाह निधी कायद्याने गिरणीतल्या कामगाराला म्हातारपणाची थोडी तरतूद दिली होती. चित्रपटागणिक काम करणाऱ्या नायिकेला तो लागू होण्याचा प्रश्नच नव्हता.

हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’वरून 1977 मध्ये ‘भूमिका’ निघाला आणि चित्रपटातील स्त्रीचे दुःख आपल्याला कळले असे आपण मानले. केरळात नटींनी 2017 मध्ये स्वतःची संघटना केली, आणि हेमा समितीचा अहवाल बराच काळ दडून राहून 2024 च्या ऑगस्टमध्ये बाहेर आला, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यातील छळाच्या भागावर रकानेच्या रकाने लिहिले. ते योग्यच झाले. लेखी करार नसणे, ठरलेले पैसे न मिळणे, कामाच्या जागी स्वच्छतागृहही नसणे, हा त्याच अहवालातील भाग मात्र एका परिच्छेदात आटोपला.

आमच्या विद्यार्थिनीला हे सारे मी एका संध्याकाळी सांगितले. तिची आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती आणि मुलीने सिनेमा-मालिकांत जाऊच नये असे तिचे मत होते. माझ्या बोलण्याने ते अधिकच पक्के झाले असावे. मुलीने तिकडे फारसे लक्ष दिले नाही. तिने कराराच्या प्रतीवर दोन कलमांखाली शाईने रेघ ओढली, पैसे महिन्याच्या आत मिळावेत आणि काम सोडण्याची मुदत दोन्ही बाजूंना सारखी असावी एवढे समासात लिहिले, आणि ते कागद सहीशिवाय परत पाठवले. उत्तर यायचे आहे.